काटेसाहेबांची चौदा किलोंची चूक

काटेसाहेबांनी उभ्या आयुष्यात वजनात खोट केली ती एकदाच. ती उघडी पडली तेव्हा भर रस्त्यात सत्तावीस माणसं साक्षीला होती. त्यातल्या निम्म्याअधिकांना नीट दिसत नव्हतं, एवढीच देवाने त्यांची लाज राखली.

'काटेसाहेब' हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षकी केली म्हणून वसाहतीने बहाल केलेली ती पदवी. दुकानात शिरले की त्यांची नजर आधी तराजूच्या काट्यावर जायची आणि मग, जमलंच तर, दुकानदारावर. नातू जन्मला तेव्हा नर्स हसत बाहेर आली आणि म्हणाली, "तीन किलो शंभर!" बाकीच्यांनी हात जोडले. आजोबांनी विचारलं, "काटा शेवटचा कधी तपासलाय?" ती नर्स पुढचे चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

तर अशा मोजूनमापून जगणाऱ्या माणसाने निवृत्त झाल्यावर चाकांवरचं घर घेऊन रस्त्यावर यावं, याला कारण झाला वहिनींचा उजवा गुडघा.

वहिनी म्हणजे त्यांची बायको. अख्खी वसाहत त्यांना वहिनी म्हणते, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. गुडघा पार झिजला होता. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला, सुस्कारा सोडला आणि गुडघा बदलायची तारीख दिली, बावीस. वीस तारखेला संध्याकाळी दवाखान्यात दाखल व्हायचं. "तोवर चालणं कमी ठेवा," ते म्हणाले, "वाटलं तर सायकल चालवा. तिने गुडघ्यावर फार भार येत नाही."

"मला सायकल येत नाही," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

हे पाहणं चौतीस वर्षं जुनं होतं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात काटेसाहेबांनी "येत्या रविवारी तुला सायकल शिकवतो" असा शब्द दिला होता. तो रविवार अजून यायचाच होता.

घरी आल्यावर वहिनींनी शिवणाचा डबा काढला आणि त्याचं झाकण नवऱ्यापुढे ठेवलं. मुळात तो बिस्किटांचा डबा. झाकणावर एक तळं, तळ्याभोवती झाडांच्या सावलीतून जाणारा रस्ता आणि त्या रस्त्यावर सायकल चालवणारी एक बाई. तळं खरोखरच होतं, वसाहतीपासून एकशे ऐंशी किलोमीटरवर. वरच्या मजल्यावरच्या भूगोलाच्या सरांनी ते कधीच ओळखून दिलं होतं.

"अहो, नवा गुडघा बसला की तो कंपनीचा," वहिनी म्हणाल्या. "दोन्ही गुडघे माझे स्वतःचे आहेत तोवर मला एकदा या रस्त्यावरून सायकलवर जायचंय. बाकी मला काही नको."

'बाकी काही नको' असं बायको म्हणाली की शहाणा नवरा घाबरतो. काटेसाहेब शहाणे होते.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत सायकलची शिकवणी सुरू झाली. काटेसाहेब मागून सीट धरून धावायचे आणि धावता धावता सूचना द्यायचे. श्वास सूचनांत संपायचा, मग धावायला उरायचा नाही. पंधरा दिवसांत वहिनी चालवायला शिकल्या, वळायला शिकल्या, घंटी तर अशी वाजवायला शिकल्या की दूधवाला भिंतीला चिकटायचा. फक्त थांबणं राहिलं. गल्लीच्या टोकाला पाण्याच्या पंपाची खोली आहे. वहिनी तिथवर यायच्या, डावा हात भिंतीला टेकायच्या आणि उतरायच्या. "अगं, ब्रेक कशाला दिलाय?" असं काटेसाहेब विचारायचे. वहिनी म्हणायच्या, "भिंत असताना ब्रेकला कशाला त्रास?" हे उत्तर तेव्हा सगळ्यांना पटलं होतं.

आता प्रश्न प्रवासाचा. बसमध्ये चार तास गुडघा दुमडून बसणं वहिनींना शक्य नव्हतं. आडवं व्हायला हवं, अधूनमधून पाय पसरायला हवा. काटेसाहेबांनी एका संस्थेच्या लिलावात जुनी मोठी गाडी घेतली. आत एक पलंग, हात धुवायचं भांडं, पडदा, खुर्ची. पूर्वी ती गावोगाव फिरून लोकांचे डोळे तपासायची. दोन्ही बाजूंना बैलगाडीच्या चाकाएवढा एकेक डोळा रंगवलेला, आणि खाली ठसठशीत अक्षरं: 'डोळे तपासून घ्या'. आत ड्रायव्हरमागच्या भिंतीवर मोठ्यापासून बारीक होत जाणाऱ्या अक्षरांची पाटी होती. तिचे स्क्रू इतके गंजले होते की ती काढायला गेलं तर गाडीच निघून हातात आली असती.

गाडी वसाहतीत उभी राहिली मात्र, सल्ल्यांना ऊत आला. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पडद्यांना हिरवा रंग घ्या, मन शांत राहतं. निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, काहीही झालं तरी पत्र टाकत राहा. भूगोलाच्या सरांनी गाडीला तीन प्रदक्षिणा घातल्या, इंजिनाला कान लावला आणि आपल्या घरचंच कुणी आजारी असावं तशा आवाजात म्हणाले, "काटेसाहेब, चाळीस किलोमीटर. त्यापुढे ही जात नाही."

"तुम्हाला गाड्यांतलं कळतं?"

"नाही. पण मला चढ कळतात."

बाजूचा डोळा पुसून घ्यावा म्हणून काटेसाहेब वाहन नोंदणी कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनाने कागद उलटून पाहिला.

"कागदावर ही डोळे तपासायची गाडी आहे, काका. कागदावर आहे ते गाडीवर दिसलं पाहिजे."

"मग कागद बदलून द्या. ती आता आमची घरची गाडी आहे."

"देतो की. वापर बदलल्याचा पुरावा आणा."

"पुरावा कसला? आम्ही तिच्यातून सहलीला जाणार आहोत."

"गेलात का?"

"अजून नाही."

"मग वापर बदलला कुठे? आधी जाऊन या, मग अर्ज करा."

"पण बाजूला एवढा डोळा घेऊन जाऊ?"

"डोळा आहे म्हणून तुम्हाला कुणी अडवणार नाही, काका. नसला तर मीच अडवेन."

काटेसाहेब कागद घेऊन परतले. दुःख अपमानाचं नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी स्वतः दुकानदारांना हेच, याच सुरात ऐकवलं होतं, आणि आता त्या कारकुनाचा शब्दन् शब्द त्यांना मनापासून पटला होता, याचं होतं.

कागदावर आणखी एक ओळ होती: माणसं धरून सामान सहाशे किलोंच्या वर नको. दुसऱ्या कुणी ती वाचली नसती. काटेसाहेबांनी स्प्रिंगचा काटा दाराच्या चौकटीला टांगला आणि नोंदवही उघडली. गाद्या, भांडी, पाण्याचे कॅन, कंदील, दोन सायकली, स्टेपनी, सगळं लटकून वहीत उतरलं. मग त्यांनी घसा खाकरला.

"अगं, तूही जरा..."

"मी कुठल्याही काट्यावर उभी राहणार नाही."

"फक्त नोंदीपुरतं."

"नोंदीपुरतंच लिहा मग. बायको, नग एक."

चौतीस वर्षांच्या संसारात हा एक आकडा काटेसाहेबांना मिळाला नव्हता. त्यांनी मुकाट्याने 'बायको, नग एक' असं लिहिलं आणि समोर पेन्सिलने अंदाजे काहीतरी मांडून ते हाताने झाकलं. बेरीज तेरा किलोंनी वर गेली. बराच वेळ वहीकडे बघून त्यांनी चौदा किलोंचा जॅक खाली काढला. "टायर नवे आहेत," ते म्हणाले, "जॅक लागणारच नाही." मग खाली रेघ मारून त्यांनी आकडा लिहिला: पाचशे नव्याण्णव. पुढचे दोन दिवस ते भेटेल त्याला हा आकडा सांगत होते, आणि ऐकणारा "वा!" म्हणत होता, कशाबद्दल ते न कळता.

सतरा तारखेला सकाळी गाडी निघाली. अख्खी वसाहत निरोपाला. मागे दोन सायकली बांधलेल्या, बाजूला डोळा. वहिनी पलंगावर पाय लांब करून खिडकीतून हात हलवत होत्या.

एक्केचाळिसाव्या किलोमीटरला, एका बऱ्यापैकी चढावर, इंजिनातून वाफ निघाली आणि गाडी थांबली.

"सरांपेक्षा एक किलोमीटर जास्त आलो," काटेसाहेब म्हणाले. माणसाला मान राखायला एक किलोमीटरही पुरतो.

चढाच्या वर एक गॅरेज होतं. तिथल्या उस्तादाने पाहून सांगितलं की पाण्याचा पाइप फाटलाय, नवा शहरातून यायला उद्याची संध्याकाळ होईल. काटेसाहेब बोटांवर तारखा मोजू लागले. तेवढ्यात दारावर टकटक झाली. बाहेर एक म्हातारे गृहस्थ काठी टेकून उभे, त्यांच्या मागे दोन बायका, त्यांच्या मागे आणखी कुणी.

"डॉक्टर आहेत का?"

"नाहीत. ही दवाखान्याची गाडी नाही," काटेसाहेब म्हणाले.

म्हाताऱ्या गृहस्थांनी बाजूच्या प्रचंड डोळ्याकडे बोट दाखवलं. "एवढं मला दिसतंय."

काटेसाहेबांनी कचेरी, कागद, वापराचा पुरावा, सगळं समजावून सांगितलं. रांग शांतपणे ऐकत राहिली आणि तेवढ्या वेळात चार माणसांनी वाढली. शेवटी वहिनी आतून म्हणाल्या, "या हो, उन्हात कशाला उभे राहता? डॉक्टर नाहीत, पण चहा आहे."

मग चहा पिता पिता त्या एकेकाला आतल्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावू लागल्या.

"अगं, आपण डॉक्टर नाही!" काटेसाहेब कुजबुजले.

"मी कुठे म्हणतेय? वाचा म्हणतेय. वाचता नाही आलं तर दवाखान्यात जाऊन दाखवा म्हणतेय. एवढं सांगायला पदवी लागते?"

काटेसाहेब पाच मिनिटं तोंड फिरवून बसले. पण लोक पाटीपुढे वाटेल तिथे उभे राहत होते, कुणी दोन हातांवर तर कुणी गाडीच्या पायरीवर, आणि अंतराची असली बेपर्वाई त्यांना बघवेना. शेवटी ते उठले, खिशातून टेप काढली, मागचं दार सताड उघडलं, पाटीपासून बरोबर सहा मीटर मोजून बाहेर रस्त्यावर खडूने रेघ मारली आणि म्हणाले, "वाचायचंच तर इथून वाचा." संध्याकाळपर्यंत ते चिठ्ठ्या लिहून देत होते: 'चौथी ओळ दिसत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना लवकर दाखवणे.' खाली सही नाही, फक्त अंतर: सहा मीटर.

शेवटी उस्ताद रेघेवर उभा राहिला आणि तिसऱ्या ओळीवर अडकला. दुसऱ्या दिवशी त्याने नवा पाइप तीनदा उलटा लावला, पण त्याचं कारण दोघांना आधीच कळलेलं होतं. नट कुठे बसवायचा ते शेवटी वहिनींनी बोटाने दाखवलं.

एकोणीस तारखेला सकाळी अकराला तळं चार किलोमीटरवर राहिलं होतं. उजव्या हाताला झाडांमागे चांदीच्या तारेसारखं पाणी लकाकलं, आणि वहिनी पलंगावरून उठून बसल्या. "अहो, ते बघा!" काटेसाहेबांनी बघितलं. तेवढ्यात मागचं चाक एका टोकदार दगडावर गेलं.

आवाज मोठा झाला. गाडी एका बाजूला कलली, आणि हिसक्यासरशी काटेसाहेबांची सायकल सुटून रस्त्यावर पडली. तिच्या पुढच्या चाकाचा आठ झाला. वहिनींची जागच्या जागी होती.

समोर लाकडाची वखार होती आणि वखारीमागे वस्ती. गॅरेजवरून डोळ्यांच्या गाडीची बातमी फोनने पुढे आलेलीच होती. काटेसाहेब खाली उतरून टायरकडे बघत होते, तोवर मागे रांग लागली, सत्तावीस माणसांची. बहुतेक सगळी म्हातारी. वस्तीतली धडधाकट माणसं सकाळीच कामाला गेलेली.

"जॅक काढा की," वखारीचा मालक म्हणाला. पोट सुटलेला, हसरा माणूस.

काटेसाहेबांनी वर आभाळाकडे पाहिलं. "घरी आहे."

"मग गाडी हलकी करू, हातांनी उचलू."

सामान उतरू लागलं. गाद्या, भांडी, कॅन, कंदील. वखारवाला पलंगाखाली वाकला आणि लोखंडी पट्ट्या मारलेली एक लाकडी पेटी ओढत बाहेर आला. "बापरे, काय भरलंय हिच्यात?" त्याने ती रस्त्यावर ठेवली आणि झाकण उघडलं. आत मखमलीच्या खळग्यांत पितळेची वजनं, मोठ्यापासून लहानापर्यंत, घासूनपुसून लख्ख.

वहिनी पेटीपाशी आल्या. काटेसाहेब तिथेच उभे राहिले.

"अहो, जॅक किती किलोंचा होता?"

"चौदा."

"आणि ही पेटी?"

काटेसाहेबांना विचारलेला आकडा आयुष्यात खोटा सांगता आला नव्हता. "चौदा," ते म्हणाले.

"वहीत आहे?"

"नाही."

रांगेत पुढे उभ्या असलेल्या आजींनी शेजारणीला कोपर मारलं. "काय गं झालं? मला दिसत नाही."

"वजनं निघाली. चोरून आणलेली."

"कुणी?"

"डॉक्टरांनी."

"निवृत्तीच्या दिवशी खात्याने दिली होती ती," काटेसाहेब पुटपुटले. "एकतीस वर्षं हाताखाली होती. घरी... एकटी ठेववेना."

"मला विचारायचं होतं," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "मी माझ्या दोन उशा ठेवल्या असत्या घरी, पाण्याचा एक कॅन ठेवला असता. उद्या संध्याकाळी मला दवाखान्यात जायचंय." आणि त्या रस्त्याकडेच्या दगडावर, तळ्याकडे तोंड करून बसल्या. उजवा पाय सरळ पुढे ठेवला होता आणि हात गुडघ्यावर.

काटेसाहेबांनी लोकांच्या मापात ग्रॅमभर फरक पडला तर दुकानं बंद ठेवायला लावली होती. आपण किती कमी भरलो हे त्यांना आज पहिल्यांदा कुठलाही काटा न बघता कळलं.

आठ-दहा म्हाताऱ्या हातांनी गाडी उचलून पाहिली. गाडी नुसती डुलली. वखारवाला धापा टाकत म्हणाला, "नाही जमायचं. जॅक आणायला फाट्यापर्यंत माणूस पाठवावा लागेल, यायला रात्र होईल."

काटेसाहेब वखारीतल्या लांब लाकडी तुळयांकडे बघत होते. मग ते एकदम म्हणाले, "तराजू."

"तराजू कशाला?"

"अहो, तराजू म्हणजे तरी काय? एक दांडा आणि मध्ये टेकू! ती जाड तुळई आणा. एक टोक चाकामागे गाडीखाली, आणि टेकू इथे, गाडीच्या अगदी जवळ. लांबच्या टोकाला बसायचं."

तुळई आली. टेकूला ठेवलेला दगड भार येताच गोल फिरला. दुसरा फुटला. काटेसाहेब क्षणभर थांबले, मग त्यांनी पेटी उचलली, स्वतःच्या हाताने तुळईखाली सरकवली आणि झाकणावर थोपटलं, म्हाताऱ्या बैलाला थोपटावं तसं. "आता बसा."

वखारवाला बसला. त्याचा भाऊ बसला. रांगेतल्या एका काठीवाल्या आजोबांनाही अलगद बसवलं. पेटीचं लाकूड करकरलं, गाडी वर आली, अजून आली आणि थांबली. चाक जमिनीपासून सुटायला बोटभर कमी.

"अजून एक माणूस हवं," काटेसाहेब टेकूची पेटी दोन्ही हातांनी धरून म्हणाले. रांगेकडे पाहिलं. रांगेत जे होते ते आधीच काठ्यांवर उभे होते.

वहिनी उठल्या. कुणाकडे न बघता आल्या, वखारवाल्याला म्हणाल्या, "सरका जरा," आणि तुळईच्या अगदी टोकाला बसल्या.

गाडी उचलली गेली. चाक हवेत गरकन फिरलं. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि चार जणांनी काठ्या टाकून वखारीतले ठोकळे आसाखाली रचले.

आता बघा, तुळईची लांबी समोर होती, टेकूचं अंतर समोर होतं, बाकीच्या तिघांची वजनं विचारली असती तर त्यांनी आनंदाने सांगितली असती. चौतीस वर्षं न मिळालेला आकडा एका त्रैराशिकाच्या अंतरावर होता. पेन्सिलही काटेसाहेबांच्या कानामागेच होती. त्यांनी ती काढली, खिशात टाकली आणि चाक बदलायला खाली बसले.

पेटीला आडवा तडा गेला होता. रांग मात्र हलली नव्हती. पुन्हा खडूची रेघ मारून सत्तावीस चिठ्ठ्या लिहाव्या लागल्या, आणि तळ्याकाठी पोचायला चार वाजले.

झाकणावर होतं तसंच होतं सगळं. साडेतीन किलोमीटरचा सपाट रस्ता, मध्ये एक छोटासा चढ, दोन्हीकडे वाकलेली झाडं, पाण्यात बदकांची ओळ. काटेसाहेबांनी सीट धरली, दहा पावलं धावले आणि सोडली. वहिनी गेल्या. पाठ ताठ, घंटी वाजवत, झाडांच्या सावलीत दिसेनाशा होईपर्यंत.

वीस मिनिटांनी दुसऱ्या बाजूने घंटी ऐकू आली. वहिनी लालबुंद चेहऱ्याने जवळ आल्या आणि ओरडल्या, "अहो! थांबायचं कसं?"

"ब्रेक दाब!"

"ब्रेक दाबला की मी पडते! इथे भिंत कुठेय?"

आणि त्या पुढे निघून गेल्या. काटेसाहेब मागे धावले, पन्नास पावलांत थांबले, कमरेवर हात ठेवून श्वास घेतला. त्यांची सायकल आठाच्या आकड्यात होती. तळ्याला भिंत नव्हती, पंपाची खोली नव्हती. त्यांनी चारी दिशांना पाहिलं आणि मग त्यांची नजर त्या प्रचंड डोळ्यावर पडली.

दुसरी फेरी संपवून वहिनी आल्या तेव्हा गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला, रेघ मारल्यासारखी सरळ उभी होती. अंतर टेपने मोजलेलं. "हळूहळू ये! हात टेक!" काटेसाहेब ओरडत होते. वहिनींनी पाय थांबवले, सायकल घरंगळत गाडीच्या कडेने आली, त्यांनी डावा हात बरोबर डोळ्याच्या मध्यभागी टेकला आणि त्या उतरल्या.

दोघंही पायरीवर बसले. वहिनी गुडघा चोळत होत्या.

"दुखतोय?"

"खूप. पण माझाच आहे." मग हसून म्हणाल्या, "खरं सांगू? दुसऱ्या फेरीला त्या चढावर सायकल आपोआप थांबायला आली होती. पाय टेकता आला असता."

"मग?"

"मी पायडल मारलं."

काटेसाहेबांनी हे कुठेही नोंदवलं नाही. ते आत गेले, तडा गेलेली पेटी उचलून आणली आणि वहिनींच्या पायाखाली ठेवली, गुडघा सरळ राहावा म्हणून.

वीस तारखेला संध्याकाळी, ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी, डोळ्यांची गाडी हाडांच्या दवाखान्याच्या दारात उभी राहिली. पहारेकऱ्याने ती दोनदा परत पाठवायचा प्रयत्न केला, तो भाग सोडून देऊ. आत नर्सने फॉर्म भरायला घेतला. नाव झालं, वय झालं.

"या, काट्यावर उभ्या राहा."

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. काटेसाहेब उठले, खिडकीपाशी गेले आणि काट्याकडे पाठ करून उभे राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक पाण्याची टाकी होती.

"अहो," वहिनी काट्यावरून म्हणाल्या, "निदान काटा बरोबर आहे का ते तरी बघा."

"असेल," ते खिडकीशीच बोलले.

"शेवटचा कधी तपासलाय, विचारा की यांना."

"नग एक," काटेसाहेब म्हणाले, "एवढं मला माहितेय. पुढचं नर्सबाई लिहितील." आणि नर्स आकडा मोठ्याने बोलली तर, म्हणून त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली.

"अहो बाई, हलू नका ना," नर्स म्हणत होती, पण वहिनी इतक्या हसत होत्या की काटा काही केल्या एका जागी ठरेना.